दप्तरातील बाटली आणि आपण

यंदाच्या स्मरणिकेसाठी मी डाळींच्या बाजारपेठेविषयी चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची सूचना होती. बेळगावच्या रविवार पेठेत धान्याच्या घाऊक व्यापारात चाळीसहून अधिक वर्षे घालविल्यामुळे त्या विषयावर लिहिणे मला सोपे गेले असते. तथापि गेल्या वर्षी माझ्या स्वतःच्या घरात जी घटना घडली, तिच्यापुढे तूर-हरभऱ्याच्या भावांचा ऊहापोह मला फिका वाटू लागला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला साधा व्यापारी आहे. वैद्य नव्हे, शिक्षणशास्त्रज्ञही नव्हे. जे भोगले आणि त्यानंतर जाणत्या माणसांकडून जे समजून घेतले, तेवढेच येथे मांडीत आहे.

दिवाळी होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. शनिवारची सकाळची शाळा. मी पेढीवर दिवाणजींबरोबर मालाच्या पट्ट्या तपाशीत बसलो असता माझ्या नातवाच्या शाळेतून दूरध्वनी आला. मुख्याध्यापकांनी ताबडतोब बोलाविले होते. मुलगा मालाच्या कामासाठी बाहेरगावी गेलेला, म्हणून मीच गेलो. नातू इयत्ता नववीत, वय चौदा वर्षे. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर तो व त्याचे दोन सोबती मान खाली घालून उभे होते. तिघांपैकी एकाला वर्गातच वांती झाली होती. प्रत्येकाच्या पाण्याच्या बाटलीत संत्र्याचे सरबत होते आणि त्या सरबतात दारू मिसळलेली होती. माझ्या नातवाच्या दप्तरात मूळ बाटली सापडली, ती अर्धी रिकामी झालेली होती.

ती बाटली मुख्याध्यापकांनी टेबलावर ठेवली. तिच्या बुडाशी सोनेरी कागदाचा एक तुकडा चिकटलेला होता. तो कागद मी ओळखला. तीन आठवड्यांपूर्वी दिवाळीच्या भेटी बांधण्यासाठी मीच तो आणविला होता.

वाचकांस आश्चर्य वाटेल, म्हणून खुलासा करतो. आमच्या घराण्यात कोणीही मद्य घेत नाही. माझ्या वडिलांनी घेतले नाही, मी घेतले नाही, माझ्या मुलांनी घेतल्याचे मला ठाऊक नाही. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियमही घरातील वडीलधारी मंडळी आजवर पाळतात. परंतु व्यापार म्हटला की दहा प्रकारच्या माणसांशी संबंध येतो. मालमोटारींचे मालक, काही अधिकारी, परगावचे काही खरेदीदार यांना दिवाळीत मिठाईच्या पेटीसोबत एखादी बाटली पाठविण्याची प्रथा आमच्या पेढीवर पडली होती. आपण पीत नाही, मग दुसऱ्याला दिली तर आपले काय बिघडले, अशी आमची समजूत होती. बाटल्या पेढीमागच्या खोलीतील कपाटात ठेवल्या जात. कपाटाला कुलूप नव्हते.

घरातील तीन दिवस

त्या दिवशी रात्री चिरंजीव परत आले आणि त्यांनी मुलावर हात उगारला. सूनबाई मध्ये पडल्या. त्यांची चिंता निराळीच होती. थोरल्या नातीच्या सोयरिकीची बोलणी चाललेली. ही गोष्ट षट्कर्णी झाली तर काय, म्हणून मुलाची शाळा गुपचूप बदलावी व कोणाजवळ ब्र काढू नये, असे त्यांचे म्हणणे पडले. खरे सांगावयाचे तर त्या क्षणी मलाही तेच योग्य वाटले. घराण्याची अब्रू ही व्यापाऱ्याची पत असते, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

मुलगा तीन दिवस कोणाशी बोलला नाही. चौथ्या दिवशी सायंकाळी मी मंदिरातून परतलो, तेव्हा तो ओसरीवर एकटाच बसला होता. मी त्याच्याशेजारी बसलो आणि न रागावता विचारले, "बाळ, बाटली उचलताना भीती नाही वाटली?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आज्जा, कपाटात किती बाटल्या होत्या ते मला माहीत होते. दिवाळीच्या आधी सोनेरी कागदात मीच तर त्या गुंडाळल्या होत्या. दिवाणजींनी सांगितले होते."

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी पेढीवर जाऊन मी जुने रोजमेळ काढविले. "दिवाळी भेट, किरकोळ" या सदराखाली अकरा वर्षांच्या नोंदी सापडल्या. प्रत्येक नोंदीखाली माझी सही होती.

ही गोष्ट किती मुलांची?

आपल्याच घरी असे घडले, असे प्रत्येक आईबापास वाटते. म्हणूनच कोणी बोलत नाही. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने देशभर केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते १७ वर्षे वयाच्या मुलांपैकी शेकडा १.३ मुले मद्य घेणारी आढळली. शेकडा १.३ ही व्यापाऱ्याच्या दृष्टीने दलालीहूनही किरकोळ रक्कम वाटेल. परंतु हिशेब मांडून पाहावा. हजार मुलांच्या शाळेत सरासरीने ती तेरा होतात, आणि साऱ्या देशाचा विचार केला तर हा आकडा लाखांच्या घरात जातो.

आमच्या भागाची परिस्थितीही ध्यानी घेण्याजोगी आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि तेथे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा लागू होता. घाटाखाली गोव्यात मात्र पोर्तुगीज अमलात दारू उघड मिळे. घाटवाटांनी ती चोरून वर कशी येई, याच्या कथा वडिलांच्या तोंडून आम्ही ऐकल्या आहेत. आज बंदी उठली आहे, गोव्याचा रस्ता चांगला झाला आहे, आणि आपल्याच डाळी-तांदळाच्या गाड्या रोज घाट उतरतात. परत येणाऱ्या मोटारीत स्वस्त बाटली येणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कर्नाटकात तर नव्वद मिलिलिटर दारूची कागदी पाकिटेही विकली जातात. ती पाकिटे आणि मुलांच्या फळरसाची पाकिटे शेजारी शेजारी ठेवली तर चष्मा लावल्यावाचून मला फरक कळावयाचा नाही. खिशात मावणारी, फुटण्याची भीती नसलेली वस्तू मुलांच्या हाती जाणे किती सोपे, हे सांगावयास नको.

तथापि दुकानदारास दोष देऊन आपली सुटका होणार नाही. मी ज्या मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घेतला, त्यांनी मला स्पष्ट सांगितले की त्यांच्याकडे येणाऱ्या कुमारवयीन मुलांपैकी अनेकांचा पहिला घोट दुकानातून आलेला नसतो. तो घरच्या कपाटातून, लग्नाच्या आदल्या रात्री मांडवामागे जमलेल्या मंडळींतून, किंवा एखाद्या हौशी काका-मामाच्या "घे रे, एवढ्याने काय होते" या आग्रहातून आलेला असतो.

कोवळ्या वयात अपाय अधिक का?

मोठ्या माणसाने घेतलेली दारू आणि चौदा वर्षांच्या मुलाने घेतलेली दारू यांत मोठे अंतर आहे. त्यांनी मला ते असे समजावून दिले. मनुष्याच्या मेंदूची वाढ सुमारे पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू असते. त्यातही कपाळामागचा जो भाग मागचापुढचा विचार करणे, मोह आवरणे ही कामे करतो, तो सर्वांत शेवटी परिपक्व होतो. मोहाची ओढ वाढलेली आणि लगाम मात्र अजून पुरता तयार नाही, अशी ही अवस्था. त्याच वेळी मद्य मिळू लागले तर स्मरणशक्ती व एकाग्रता यांवर आघात होतो आणि मेंदूला त्या सुखाची सवय लवकर जडते.

१९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसून आले की, ज्यांनी चौदाव्या वर्षी किंवा त्याआधी मद्य घेण्यास प्रारंभ केला, त्यांच्यापैकी शेकडा चाळिसांहून अधिक लोक आयुष्यात केव्हातरी मद्याच्या आहारी गेले. ज्यांनी वीस वर्षांनंतर प्रारंभ केला, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा दहाच्या आसपास होते. यात घरच्या परिस्थितीचाही वाटा असणार. सारा दोष पहिल्या घोटाच्या वयाचाच, असे म्हणता येणार नाही. परंतु पहिला घोट जितका लांबेल तितका बरा, एवढे यावरून निःसंशय कळते. मद्य कर्करोगास कारणीभूत होते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच नमूद केले आहे. आणि मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक नाही, असे त्या संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले. "थोडी घेतली तर औषधच" हा युक्तिवाद आता मोठ्यांनीही सोडून द्यावयास हवा.

आणखी एक गोष्ट प्रत्येक मातेने ध्यानात ठेवावी. लहान शरीरात थोडे मद्यही विषासारखे काम करू शकते. रक्तातील साखर एकाएकी उतरते, श्वास मंदावतो, शुद्ध हरपते. अशा वेळी लोकलज्जेस्तव मुलाला खोलीत निजवून दार लावून घेणे जिवावर बेतू शकते. लिंबूपाणी, ताक अथवा कॉफी पाजल्याने दारू उतरत नाही. उलट बेशुद्धीत घशात गेलेले पाणी किंवा वांती श्वासनलिकेत अडकते. मुलाला कुशीवर वळवून ठेवावे, क्षणभरही एकटे सोडू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून विनाविलंब रुग्णालयात न्यावे. अब्रूचा विचार मागाहून करता येतो.

कृत, कारित आणि अनुमोदना

आपल्या धर्माने मद्यत्यागास श्रावकाच्या आचारात किती वरचे स्थान दिले आहे, हे या स्मरणिकेच्या वाचकांस नव्याने सांगणे म्हणजे आगाऊपणा होईल. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अष्टमूलगुण सांगताना मद्य, मांस व मधु यांच्या त्यागाचा उल्लेख आहे. सप्तव्यसनांतही मद्य आहेच. हे आपण मुलांना पाठशाळेत पाठ करून घेतो आणि मुले ते घडाघडा म्हणतात.

परंतु आपण व्यापाऱ्यांनी सोयीस्करपणे विसरलेल्या दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की, आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात श्रावकाने वर्ज्य करावयाचे जे पंधरा व्यवसाय सांगितले, त्यांत मद्यादिकांच्या विक्रीचा, म्हणजे रसवाणिज्याचा, समावेश आहे. केवळ प्राशन नव्हे, व्यवहारही वर्ज्य. दुसरी त्याहून मार्मिक. पाप तीन प्रकारांनी घडते: स्वतः केल्याने, दुसऱ्याकडून करविल्याने आणि दुसऱ्याने केलेल्यास संमती दिल्याने. कृत, कारित, अनुमोदना. मी आयुष्यभर कृताचा हिशेब चोख ठेवला आणि कारिताची नोंद "किरकोळ" खात्यात ढकलली. माझ्या नातवाने ग्रंथ वाचलेला नाही, पण सोनेरी कागदाची आठवण देऊन त्याने मला हा भेद शिकविला.

धान्याच्या व्यापाऱ्यास तर हा प्रश्न आणखी जवळचा आहे. भिजून काळी पडलेली ज्वारी, तांदळाची कणी हा माल मद्यार्क कारखाने घेतात, हे आपणांस ठाऊक आहे. महाराष्ट्र शासनाने २००७ साली धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याची योजना आणली, तेव्हा तिला समाजसेवकांनी कसून विरोध केला होता. अलीकडे हा मद्यार्क पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठीही जातो, त्यामुळे आपली कणी नेमकी कोठे जाते हे दर वेळी सांगता येत नाही, हे मी मान्य करतो. म्हणून या बाबतीत कोणावर नियम लादावा, असे मी म्हणत नाही. मात्र माल देताना विचारण्यास काय हरकत आहे? मी आता विचारतो, आणि दोन सौदे सोडले आहेत.

पुढे काय झाले

मुख्याध्यापकांनी तिन्ही मुलांना शाळेतून काढले नाही. त्यांचे म्हणणे असे की, काढलेला मुलगा दुसऱ्या शाळेत जाईल, पण आपला प्रश्नही दप्तरात घेऊन जाईल. त्यांनी तिघांच्या पालकांना एकत्र बसविले. आम्ही तिन्ही घरची माणसे प्रथम एकमेकांच्या मुलांना दोष देत होतो. मी रोजमेळाची गोष्ट सांगितली, तेव्हा बोलण्याचा सूर बदलला. दुसऱ्या मुलाचे वडील म्हणाले की, ते स्वतः रोज रात्री मुलासमोर घेतात. तिसऱ्या मुलाची आई म्हणाली की, तिला दोन महिन्यांपासून शंका होती, परंतु विचारण्याचे धैर्य झाले नाही.

मनोविकारतज्ज्ञांनी मुलाची चार वेळा भेट घेतली. त्यांनी औषध दिले नाही. व्यसन जडलेले नव्हते. त्यांनी आम्हांलाच एक पथ्य सांगितले. दिवसातून एक वेळ सर्वांनी एकत्र जेवावे आणि त्या वेळी दूरध्वनी, बाजारभाव व परीक्षेचे गुण हे तिन्ही विषय काढू नयेत. प्रारंभी पानावर बसून काय बोलावे, हेच आम्हांला सुचेना. मुलगा कोणत्या खेळात रमतो, त्याचा जिवलग मित्र कोण, हे माझ्या चिरंजीवांना ठाऊक नव्हते. आपण मुलांसाठी कमावतो असे म्हणत सकाळी आठ ते रात्री दहा पेढीवर बसतो, त्याची ही किंमत असते.

हे पथ्य वरकरणी साधे वाटते. परंतु आइसलँड या लहानशा देशाने अशाच उपायांवर भिस्त ठेवली. १९९८ साली तेथील १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी शेकडा ४२ मुले मागील महिन्यात एकदा तरी नशेत असल्याचे आढळले होते. मुलांनी आईबापांबरोबर अधिक वेळ घालवावा, सायंकाळी ठरलेल्या वेळी घरी यावे, खेळ व संगीत यांसाठी त्यांना साहाय्य मिळावे आणि पालकांनी आपापसांत करार करून एकमेकांच्या मुलांवरही लक्ष ठेवावे, अशी व्यवस्था तेथे उभी राहिली. २०१६ साली हे प्रमाण शेकडा ५ वर आले. ही व्यवस्था आपल्याला परकी नाही. १८९९ साली स्तवनिधी येथे स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने वसतिगृहे काढली, तेव्हा मुलांच्या शिक्षणाबरोबर त्यांची संगत, सायंकाळ आणि पंगत यांचीही काळजी वाहिली जात होती. आपण ती परंपरा केवळ इमारतींच्या रूपाने जपावी काय?

संघापुढे काही सूचना

आपल्या संघाच्या सभासदांपुढे मी काही विनंत्या ठेवू इच्छितो. त्या अमलात आणण्यास पैसा लागत नाही.

पहिली, सभासदांच्या पेढ्यांवरून दिवाळीस अथवा अन्य प्रसंगी मद्याची भेट देण्याची प्रथा बंद व्हावी आणि तसा ठराव वार्षिक सभेत संमत व्हावा. एकट्याने बंद केले तर गिऱ्हाईक तुटेल ही भीती असते. सर्वांनी मिळून केले तर ती उरत नाही.

दुसरी, लग्नकार्यात मांडवामागे काय चालते याकडे यजमानाने डोळेझाक करू नये. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमान्वये, वैद्याच्या आदेशाखेरीज मुलाला मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हौशी काका-मामांना हे कलम अवश्य सांगावे.

तिसरी, शासनाच्या धोरणाविषयी आपण गप्प राहू नये. कर्नाटकात मद्यखरेदीची वयोमर्यादा २१ वरून १८ वर आणण्याचा मसुदा जानेवारी २०२३ मध्ये निघाला होता. लोकांनी हरकती घेतल्यावर तो मागे घेण्यात आला. संघाच्या एका पत्रालाही वजन असते.

चौथी व सर्वांत महत्त्वाची, ज्या घरात असा प्रसंग येईल त्या घराची कुजबुज करू नये. मुलाच्या वागण्यात पालट दिसला, पैसे पुरेनासे झाले, जुने मित्र सुटले, तोंडाला सतत बडीशेपेचा वा पुदिन्याचा वास येऊ लागला, तर हेरगिरी न करता जवळ बसून विचारावे. यातील काही खुणा त्या वयाच्याच असतात, हेही विसरू नये. केंद्र शासनाने व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे निःशुल्क दूरध्वनी क्रमांक ठेवले आहेत. संकटातील मुलांसाठी १०९८ आहेच. हे क्रमांक प्रत्येक पेढीच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीखाली, लिहिलेले असावेत.

हा लेख छापावयास देण्यापूर्वी मी तो नातवास वाचून दाखविला. आपल्याविषयी लिहिले जाते आहे, तर त्याची संमती घेणे मला उचित वाटले. त्याने शांतपणे ऐकून घेतले व एकच शब्द बदलावयास सांगितला. मी प्रथम "बाटली चोरली" असे लिहिले होते. तो म्हणाला, "आज्जा, चोरी खरीच. पण कपाटाला कुलूप नव्हते, तेही लिहा." म्हणून वर तसे लिहिले आहे.

यंदाच्या दिवाळीत आमच्या पेढीवरून सर्वांस एक किलो गूळ व एक किलो तूरडाळ पाठविली. एका जुन्या मालमोटार मालकांनी हसत विचारले, "शेठ, या वर्षी मंदी आहे काय?" मी त्यांना वरील सारी हकीकत सांगितली. ते क्षणभर स्तब्ध झाले आणि म्हणाले, "माझाही एक दहावीत आहे." मग त्यांनी डाळ घेतली आणि जाताना त्या डॉक्टरांचा पत्ता लिहून घेतला.

पुढील वार्षिक सभेत वरील ठराव मांडण्याचा माझा मानस आहे. त्यास अनुमोदन देण्यासाठी आपण सर्वांनी उपस्थित राहावे, अशी नम्र विनंती. जय जिनेंद्र.